शेवटून बातमी वाचणारा माणूस

घरत सर बातमी शेवटून वाचायचे. बातम्या पुरवणाऱ्या एजन्सीची इंग्रजी कॉपी प्रिंटरमधून बाहेर आली की ते शेवटचं पान वर घेत, चष्मा कपाळावर सरकवत आणि अगदी खालच्या परिच्छेदापासून सुरुवात करत. माझ्या पहिल्या दिवशी मला वाटलं, त्यांच्याकडून पानांचा क्रम चुकलाय. मी धीर करून सांगायला गेले.

"सर, पहिलं पान मागे राहिलंय."

"राहू दे," ते म्हणाले. "तिथे काय असतं ते मला पाठ आहे."

आमचं दैनिक आठ पानांचं, रायगड जिल्ह्यापुरतं. जुन्या पनवेलात एका चष्म्याच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर ऑफिस होतं. सर देश-विदेश पानाचे प्रमुख होते, आणि त्या पानावर काम करणारेही ते एकटेच होते. मग मी आले. माझी शाळा माणगावच्या पुढे, मराठी माध्यमाची. वडील एसटीच्या डेपोत मेकॅनिक. आमच्या घरात पदवी मिळवणारी मी पहिली, त्यामुळे खांदा कॉलनीत दोन मुलींबरोबर खोली घेऊन पेपरात नोकरी करते, एवढ्यावरच आई गावभर सांगत फिरायची. मला इंग्रजी वाचता यायचं, पण वाचताना ओठ हलायचे. सरांनी ते पहिल्याच आठवड्यात पाहिलं असणार. एक दिवस मी ऑफिसात आले तर माझ्या टेबलावर त्यांचा जाडजूड शब्दकोश होता, पुठ्ठा सुटलेला, डिंकाने चिकटवलेला. "माझ्या टेबलावर जागा नाही," एवढंच म्हणाले. त्यांच्या टेबलावर भरपूर जागा होती.

त्यांनी मला पहिली बातमी करायला दिली ती हवामान परिषदेची होती. दरवर्षी कुठल्या तरी परदेशी शहरात सगळ्या देशांचे लोक जमतात, कुणी किती धूर सोडायचा आणि ज्यांचं नुकसान झालंय त्यांना कुणी मदत करायची यावर दोन आठवडे बोलतात, ती परिषद. मी शब्दकोश घेऊन बसले आणि मोठ्या मेहनतीने मथळा केला: 'भारताने श्रीमंत देशांना ठणकावले.' मला वाटलं, सर खूश होतील. सरांनी कागद घेतला, शेवटून वाचत वर आले आणि मथळ्यापाशी थांबले.

"तू तिथे होतीस?"

"नाही सर."

"मग ठणकावल्याचा आवाज कुठून ऐकलास? मूळ बातमीत आग्रह धरला असं आहे. आग्रह जेवताना वाढणाराही धरतो. तू त्याच्या हातात काठी का दिलीस?"

"सगळे पेपर असंच लिहितात, सर."

"लिहितात," ते म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर ती किळस आली जी मी पुढे तीन वर्षं पाहिली. नाकाच्या बाजूला दोन रेघा पडायच्या. दुधात काही तरी पडलेलं दिसावं तसं बघायचे ते त्या मथळ्याकडे.

मग त्यांनी टेबलाचा खालचा खण उघडला. त्यात अनेक वर्षांच्या परिषदांची कात्रणं होती, आमच्या पेपरातली आणि इतरांचीही. परिषद सुरू व्हायच्या दिवशी दुपारी ते ती सगळी टेबलावर मांडत. मला त्यांनी ती वाचायला लावली. 'पृथ्वी वाचवण्याची शेवटची संधी.' पुढच्या वर्षी पुन्हा 'शेवटची संधी'. त्याच्या पुढच्या वर्षी 'आता नाही तर कधीच नाही'. 'श्रीमंत देशांना चपराक.' 'विकसित देश आरोपीच्या पिंजऱ्यात.' 'निर्णायक घटिका समीप.' 'भारताचा डंका.'

"बघ," सर म्हणाले. "चपराक म्हणजे कुस्ती. पिंजरा म्हणजे कोर्ट. घटिका समीप म्हणजे लग्न. आता यात हवामान कुठे आहे ते मला बोटाने दाखव."

मी बोट कात्रणांवरून फिरवलं आणि मागे घेतलं.

सरांना देशाबद्दल प्रेम नव्हतं असं कुणी म्हणू नये. ते म्हणत, "आपलं म्हणणं बरोबरच आहे गं. ज्यांनी दोनशे वर्षं धूर सोडला त्यांनी आधी निस्तरावं. पण शेवटी ठरलं काय, ते सांग ना वाचकाला. मॅचचा स्कोअर तरी सांगतात. आपण नुसतं, आमचा बॅट्समन कसा रुबाबात उभा होता ते सांगतो."

ठरलं काय, ते आमच्या पेपरात कधीच येत नसे, आणि त्यामागे कुणाचा मोठा कट नव्हता. आतली पानं छपाईला आधी जायची, पहिलं पान शेवटी. देश-विदेशचं पान संध्याकाळी साडेसहाला सुटायचं. परिषद मात्र कधीही ठरलेल्या वेळी संपत नसे. शेवटच्या दिवशी भांडण लांबत जाई, आणि करार व्हायचा तो आमचं पान गेल्यावर. दुसऱ्या दिवशी ती बातमी शिळी. मग आमचे संपादक सबनीस यांनी एक मथळा शोधून काढला होता: 'भारत ठाम.' करार झाला तरी भारत ठाम, फिसकटला तरी ठाम, दोन दिवस लांबला तरी ठाम. ते त्याला अभिमानाने ऑल-वेदर हेडिंग म्हणायचे. दर वर्षी शेवटच्या दिवशी दुपारी चारलाच ते सरांच्या टेबलापाशी येऊन विचारत, "काय घरत, ठाम लावून ठेवलं का?"

पान सुटण्याआधी त्याची प्रिंट निघायची आणि त्या प्रिंटवर पानप्रमुखाने सही करायची, ही आमच्याकडची पद्धत. सर सही करत आणि उठून बेसिनवर जाऊन हात धूत. साधे नव्हेत, कोपरापर्यंत. बेसिनवर हिरव्या साबणाची वडी होती, ती त्यांनी स्वतः आणून ठेवलेली. मला आधी वाटलं, शाईचे डाग असतील. पण आता हाताला शाई लागते कुठे? सगळं कॉम्प्युटरवर. परिषदेच्या दिवसांत तर ते दोनदा हात धुवायचे, आणि मगच चहाचा कप उचलायचे.

राहायचे सुकापूरला, एका नव्या इमारतीत. पण गाव उरणच्या बाजूला, खाडीकाठी. बापाची भातशेती खाडीच्या बांधाआड, आणि पूर्वी मिठागरात कामही. ऑफिसात सर शुद्ध बोलायचे. गावाहून मोठ्या बहिणीचा फोन आला की मात्र त्यांची भाषा एकदम बदलायची आणि आवाज चढायचा. बहिणीला ते बाय म्हणायचे. तिचा आवाज तर फोन कानाला असतानाही माझ्या टेबलापर्यंत यायचा.

पुढे तीन वर्षांनी परिषद सुरू झाली तेव्हा सबनीस म्हणाले, पानाला एक चांगला फोटो पाहिजे. मी कॉम्प्युटरवर 'दुष्काळ' नावाचं फोल्डर उघडलं. त्यात एक फोटो होता: पांढरी पडलेली, भेगाळलेली जमीन, एक वठलेलं झाड, आणि डोक्यावर मोळी घेऊन पाठमोरी चाललेली एक बाई. फोटो खरंच सुंदर होता. मी खाली ओळ लिहिली, 'पाण्याच्या थेंबासाठी आसुसलेली धरणी.' मला ती ओळ इतकी आवडली की मी ती मैत्रिणींना मोबाइलवर पाठवली. सरांनी पान शेवटून वाचलं, दोन स्वल्पविराम काढले आणि सही केली.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी दुपारी, बायचा फोन आला.

"काय रं जनू, तुज्या पेपरान माजा फोटू आलाय."

"तुजा? नाय बाय, दुसरी कुनी आसंल."

"मीच हाय! वाचनालयान टांगलाय तुजा पेपर, सगला गाव बघून गेला."

"पाठमोरी बाई हाय ती. आपली पाठ कुनी वलखतो का?"

"पाठ मरू दे. बापाचा आंबा वलखीन का नाय मी? खारान सुकलेला? त्याच्याखाली वाढलो आपुन." मग ती थांबली आणि तिचा आवाज आणखी चढला. "आन खाली लिवलाय काय? पोरांनी वाचून दावला. थेंबासाटी आसुसलेली! आरं, कंच्या थेंबासाटी? पानी आला म्हनून त मेलो आमी!"

सरांनी फोन ठेवला. सोमवारचा अंक उघडला आणि माझ्या माहितीत पहिल्यांदाच बातमी न वाचता फोटो पाहिला. बराच वेळ पाहिला.

मग त्यांनी मला सांगितलं. आदल्या पावसाळ्यात मोठ्या उधाणाला खाडीचा बांध फुटला. समुद्राचं पाणी शेतात शिरलं आणि बसून राहिलं. ओसरलं तेव्हा वर मिठाचा थर, आणि खाली जमीन अशी तडकलेली. भात गेलं, बापाच्या हातचा आंबा गेला. तेव्हा आमचाच फोटोग्राफर जाऊन फोटो काढून आला होता. स्थानिक पानावर चार ओळींची बातमी आली, फोटोला जागा मिळाली नाही. पुढे कुणी तरी फोटो आवरताना भेगा पाहिल्या आणि तो दुष्काळात टाकला. समुद्राने बुडवलेलं शेत आम्ही तहानलेलं म्हणून छापलं होतं, तेही त्याच शेतातल्या माणसाच्या सहीने.

मी रडायला लागले. सरांनी पानाची प्रिंट फायलीतून काढून माझ्यापुढे ठेवली.

"ही सही कुणाची?"

"तुमची."

"मग तू का रडतेस? तुला माहीत नव्हतं. मला माहीत होतं, आणि मी स्वल्पविराम बघत बसलो. शी!"

ती शी त्यांनी स्वतःलाच म्हटली होती.

त्याच दुपारी त्यांनी खुलासा लिहिला, एकच वाक्य. 'सोमवारच्या अंकातील छायाचित्रातील शेत दुष्काळाने नव्हे, तर खाडीचा बांध फुटून आत आलेल्या खाऱ्या पाण्याने भेगाळले आहे.' सबनीस वाचून हसले.

"घरत, यार, क्लायमेट म्हणजे क्लायमेट. भेग ती भेग. रीडरला काय फरक पडतो?"

"माझ्या गावाला पडतो. बांध बांधून द्या म्हणून गावाचा अर्ज सरकारी ऑफिसात पडलाय. पुढच्या उधाणाच्या आत बांध झाला नाही तर उरलेली शेतंही जातील. उद्या साहेबाने हाच अंक काढला आणि म्हणाला, तुमच्याकडे तर पाणीच नाही, बांध कशाला? मग?"

"असं कुणी म्हणत नाही हो."

"छापलेलं लोक खरं मानतात, सबनीस. त्याच्यावरच आपलं पोट आहे."

"आणि खुलासे छापायला लागलो तर लोक बाकीचंही तपासायला लागतील. त्याचं काय?" सबनीस हे गंमत म्हणून बोलले. पण सरांच्या नाकाशेजारच्या रेघा त्या दिवशी जेवढ्या खोल दिसल्या तेवढ्या मी कधी पाहिल्या नव्हत्या.

सरांनी खुलासा पानाच्या अगदी तळाला लावला. सहा वाजता सबनीसांनी तो काढून तिथे प्लॉटिंगची छोटी जाहिरात टाकली. दुसऱ्या दिवशी सरांनी पुन्हा लावला, पुन्हा निघाला. तिसऱ्या दिवशी पुन्हा. आठवडा उलटला तेव्हा 'सोमवारच्या'चं 'गेल्या सोमवारच्या' करावं लागलं. रोज ते वाक्य नव्याने टाइप करायचे, जुनं चिकटवायचे नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, "रोज नव्याने लाज वाटली पाहिजे." एका संध्याकाळी बायचा फोन आला. "आला का आमचा पानी पेपरान?" सर म्हणाले, "उद्या येल." त्यानंतर तिने रोज विचारलं आणि यांनी रोज तेच सांगितलं.

परिषदेचा शेवटचा दिवस उजाडला. दुपारी कॉपी आली. सरांनी शेवटचं पान वर घेतलं आणि वाचता वाचता चष्मा कपाळावरून खाली ओढला. अगदी शेवटच्या परिच्छेदात होतं, की ज्या गावांची जमीन समुद्र गिळतोय त्यांना मदत कशी पोचवायची, यावर मसुद्यात दोन ओळी आल्या आहेत आणि त्यावर अजून भांडण चालू आहे. सरांनी तो परिच्छेद आधी मराठीत केला. बातमीच्या डोक्यावर बसवला. मथळा दिला, 'समुद्राने गिळलेल्या गावांच्या मदतीवर एकमत नाही.' आणि तळाला तो खुलासा.

"इतक्या वर्षांत पहिल्यांदा," ते मला म्हणाले, "आमच्या गावची बातमी विदेश पानावर जाईल." त्या वेळी त्यांचा चेहरा परीक्षेचा पेपर सोपा गेलेल्या मुलासारखा दिसत होता.

सहा वाजून दहा मिनिटांनी सबनीस आले. उभ्या उभ्या पान पाहिलं.

"हे काय? एकमत नाही? एवढं निगेटिव्ह? ठाम कुठे गेलं?"

"ठरलेलं नाहीये काही. तेच लिहिलंय."

"मग ठामच आहे ना भारत!" त्यांनी खुर्ची ओढली आणि स्वतः माउस घेतला. 'भारत ठाम', चार कॉलमी. समुद्राचा परिच्छेद जागेअभावी उडाला. खुलासाही उडाला. "आणि पान कोरडं वाटतंय. फोटो टाकू एखादा. तो होता ना आपला, मस्त? भेगावाला?"

मी सरांकडे पाहिलं. सबनीसांनी फोल्डर उघडलं आणि बायचा फोटो पुन्हा लावला, आधीपेक्षा मोठा. फोटोबरोबर साठवलेली माझी तीच ओळ खाली आपोआप आली.

"सबनीस," सर म्हणाले. आवाज चढला नव्हता. "ती माझी बहीण आहे."

"अहो, चेहरा कुठे दिसतोय?"

प्रिंट निघाली. सरांनी ती हातातही घेतली नाही. उठले, बेसिनवर गेले, कोपरापर्यंत हात धुतले, रुमालाने पुसले. परत येऊन खालचा खण उघडला आणि सगळी कात्रणं पिशवीत भरली. मग पुन्हा बेसिनवर गेले आणि ती साबणाची वडी कागदात गुंडाळून खिशात टाकली. सबनीस म्हणत होते, "घरत, सीन करू नका, सही करा, साडेसहा होताहेत." सरांनी लाल पेन खिशाला लावलं, माझ्या टेबलावरच्या शब्दकोशाकडे एकदा पाहिलं, तो तिथेच राहू दिला, आणि जिना उतरून गेले. निवृत्तीला त्यांना दोन वर्षं होती.

पान साडेसहाला सुटलं. त्या प्रिंटवर सही माझी आहे.

त्यानंतर सरांनी सुकापूरची जागा भाड्याने दिली आणि ते गावी जाऊन राहिले, असं कळलं. सरकारी ऑफिसातल्या अर्जाचं काही झालं नाही. तो अंक कुणी पुढे केला की नाही, मला माहीत नाही, आणि विचारायची हिंमतही झाली नाही. पावसाळ्याच्या आधी गावानेच जुन्या रिवाजाप्रमाणे दवंडी दिली: घरटी एक माणूस, चिखल आणि दगड. सरांच्या घरातून सर उतरले. साठीला टेकलेला माणूस गुडघाभर चिखलात उभा राहून टोपल्या पुढे देत होता, हे मला आमच्या उरणच्या वार्ताहराने हसत सांगितलं. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

पुढे सबनीस मोठ्या पेपरात गेले. देश-विदेशचं पान माझ्याकडे आलं. पुढची परिषद आली तेव्हा तिच्या शेवटच्या दिवशी मी पानाच्या तळाशी ते वाक्य टाइप केलं, नव्याने, 'गेल्या वर्षीच्या' असं लिहून. नवे संपादक तळाशी बघत नाहीत. खुलासा छापून गेला. मी इतकी खूश होते की दुसऱ्या दिवशी सकाळी अंक घेऊन थेट सरांच्या गावाची रिक्षा केली.

वाचनालय म्हणजे देवळासमोरची एक खोली आणि बाहेर पत्र्याखाली उतरता लाकडी फळा, त्यावर पेपर अडकवलेला. अंक माझ्याआधी पोचला होता. फळ्यासमोर सर उभे होते, अर्धी चड्डी आणि बनियनमध्ये, पायाला वाळलेला चिखल, हातात तेच लाल पेन. दोन म्हातारे बाकावर बसून त्यांचं होण्याची वाट बघत होते. एक म्हणाला, "आटप रं जनू, तू तपासल्याबिगर आमाला वाचू नाय देत."

मी रिक्षातून उतरले आणि कोपऱ्यावर थांबले. सरांनी आमचं पान उघडलं आणि चष्मा कपाळावर सरकवला. अगदी तळापासून सुरुवात केली. त्यामुळे खुलासा त्यांना सगळ्यात आधी दिसला. त्यांचं बोट त्या वाक्याखालून हळूहळू सरकलं, टोकाला पोचलं, पुन्हा मागे आलं. पेन उघडलं नाही.

मग ते वर चढू लागले. परिच्छेदामागून परिच्छेद. मला एकदम आठवलं, वर काय आहे ते. आदल्या संध्याकाळीही करार झाला नव्हता, साडेसहा वाजत आले होते, आणि मी काय करणार होते? सर मथळ्यापाशी पोचले. चार कॉलमी, माझ्या हातचा. 'भारत ठाम.' त्यांच्या नाकाशेजारच्या त्या रेघा मला इतक्या लांबून दिसल्या. त्यांनी पेन उघडलं आणि मथळ्यावर एक सरळ आडवी रेघ मारली.

समोरच्या घरातून बायने हाक मारली. "काय रं जनू, आला का आमचा पानी पेपरान?"

"आला," सर म्हणाले. "खाली हाय, बारीक."

त्यांनी पेपर नीट घडी करून फळ्यावर अडकवला, बाकावरच्या म्हाताऱ्यांना हाताने वाचा म्हणून सांगितलं, आणि देवळाशेजारच्या नळावर जाऊन कोपरापर्यंत हात धुवायला लागले.